फुले तोडा, बहर वाढवा : हिवाळ्यातील अंगण आणि घर



दसरा-दिवाळीला आपल्या शेतातला झेंडू टेम्पो भरून बाजाराला जातो. दाराला तोरण लागते आणि दिवाळी सरली की घरात एकही फूल उरत नाही. मागे एकदा ऐन थंडीत एका फूलउत्पादक शेतकऱ्याच्या घरी जाण्याचा योग आला. घराला लागून अर्धा एकर झेंडू आणि बैठकीच्या खोलीत टेबलावर मात्र प्लॅस्टिकची फुले! कारण विचारले तेव्हा घरातल्या वहिनी म्हणाल्या, "सर, अंगणात दोन वाफे हौसेने केले होते. पण फुले तोडायला जीव होईना. पंधरा-वीस दिवस शोभा राहिली, मग सगळेच वाळून गेले."

त्यांच्या या उत्तरातच हिवाळी बागेतील सर्वात मोठी चूक दडलेली आहे. फुले जपली, म्हणून बहर संपला. तीच फुले वेळच्या वेळी तोडून घरात आणली असती, तर अंगणही फुलले असते आणि टेबलही सजले असते. हे कसे, ते या लेखात पाहू.

झाड फुलते कशासाठी?

हंगामी फुलझाडाचे आयुष्य काही महिन्यांचे असते. तेवढ्या काळात बी तयार करणे हेच त्याचे काम. झाडावर फूल वाळू दिले की त्यात बी भरू लागते आणि पानांत तयार झालेले अन्न त्या बियांकडे वळते. नव्या कळ्या कमी होतात आणि झाड पिवळे पडू लागते. याउलट, उमललेले फूल दांड्यासह कापले तर खालच्या पानांच्या बगलेतून नवे फुटवे निघतात आणि त्यांवर पुन्हा कळ्या धरतात. भेंडी, गवार वेळेवर तोडली नाही तर पुढचा तोडा कमी मिळतो, हा आपला नेहमीचा अनुभव आहे. फुलांचा न्यायही तोच.

झेंडू, कॅलेंडुला, कॉसमॉस, गॅलार्डिया, पिटुनिया, अँटिऱ्हिनम, डायन्थस आणि स्वीट पी यांना हा नियम उत्तम लागू पडतो. ॲस्टर आणि ग्लॅडिओलस मात्र याला अपवाद आहेत. ॲस्टरचा मुख्य बहर काढल्यानंतर नवीन फुले फारशी येत नाहीत आणि ग्लॅडिओलसच्या कंदाला साधारणतः एकच दांडा येतो. म्हणून ही दोन फुले एकाच दिवशी न लावता १५ दिवसांच्या अंतराने दोन-तीन टप्प्यांत लावावीत.

पेरणीची वेळ

घाटावर, मराठवाड्यात व विदर्भात हिवाळी फुलांचे बी ऑगस्टअखेर ते सप्टेंबरमध्ये रोपवाटिकेत पेरावे. ऑक्टोबरमध्ये रोपे लावली की डिसेंबर ते फेब्रुवारी अंगण फुललेले राहते. कोकणात पाऊस लांबतो, म्हणून तेथे पाऊस थांबल्यावर ऑक्टोबरमध्ये पेरणी करावी. कोकणातील उबदार हवेत झेंडू, कॉसमॉस, गॅलार्डिया व झिनिया चांगले येतात. पॅन्सी आणि स्वीट पी यांना चांगली थंडी लागते. ती घाटावरच्या व उत्तर महाराष्ट्रातील थंड भागातच लावावीत.

ॲस्टरमध्ये महात्मा फुले कृषि विद्यापीठाने प्रसारित केलेले फुले गणेश व्हाईट, फुले गणेश पिंक, फुले गणेश व्हायोलेट व फुले गणेश पर्पल हे वाण आहेत. झेंडूमध्ये पुसा नारंगी गेंदा व पुसा बसंती गेंदा हे वाण घेता येतील.

रोपे व लागवड

बहुतेक हंगामी फुलांचे बी बारीक असते. २ मीटर लांब, १ मीटर रुंद आणि १५ सें.मी. उंच असा एक गादीवाफा घरापुरता पुष्कळ होतो. बी कोरड्या वाळूत मिसळून ओळीत पेरावे आणि चाळलेल्या शेणखताचा पातळ थर द्यावा. झारीने हलके पाणी द्यावे. उगवण होईपर्यंत वाफा वाळलेल्या गवताने झाकावा व उगवण दिसताच गवत काढावे. पाणी जास्त झाले तर रोपे बुंध्याशी कुजून कोलमडतात, म्हणून पाणी बेताने द्यावे. मुंग्या बी पळवतात. त्यासाठी पूर्वी वाफ्याभोवती बीएचसी भुकटी टाकत असत. तिच्यावर १९९७ पासून बंदी आहे. वाफ्याभोवती चुलीतील कोरडी राख टाकल्यास चालते.

रोपे २५ ते ३० दिवसांची, ४-५ पानांवर आली की लावावीत. वाफ्यात दर चौरस मीटरला ५ किलो चांगले कुजलेले शेणखत व ५० ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट मिसळावे. झेंडूसाठी ४५ × ३० सें.मी., ॲस्टर व कॅलेंडुलासाठी ३० × ३० सें.मी. आणि पॅन्सी व फ्लॉक्ससाठी २० × २० सें.मी. अंतर ठेवावे. लागवड सायंकाळी करून लगेच पाणी द्यावे. युरियाचा मोह टाळावा. जास्त नत्राने झाड पानांनी माजते आणि फुले रुसतात. नॅस्टर्शियममध्ये तर हे हमखास दिसते.

झेंडूचे रोप लावल्यावर साधारण महिन्याने त्याचा शेंडा खुडावा. फुले आठ-दहा दिवस उशिरा येतील, पण फांद्या वाढून फुलांची संख्या वाढेल.

शेवंती आणि रात्रीचा दिवा

शेवंतीची लागवड एप्रिल-मे महिन्यांत काश्यांपासून, म्हणजे मुळालगत फुटणाऱ्या धुमाऱ्यांपासून करतात. आमच्या दारापुढे दोन ओळी शेवंती होती. एका वर्षी एक ओळ पिवळ्या फुलांनी भरली आणि दुसऱ्या ओळीला कळीसुद्धा नाही. खत तेच, पाणी तेच. कोडे उलगडायला मला चार दिवस लागले. न फुललेल्या ओळीवर पडवीतील दिव्याचा उजेड रात्रभर पडत होता!

शेवंती लहान दिवसाचे झाड आहे. रात्र पुरेशी मोठी झाल्याशिवाय ते कळ्या धरत नाही. झाडे दिवस-रात्रीच्या लांबीनुसार फुलतात ही गोष्ट गार्नर व अलार्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये दाखवून दिली. त्याच तत्त्वावर हरितगृहात रात्री दिवे लावून शेवंतीचा बहर लांबवतात, तर काळे कापड पांघरून तो अलीकडे आणतात. आपल्या अंगणात मात्र शेवंती दिव्यापासून दूरच लावावी आणि ऑगस्टनंतर तिचे शेंडे खुडू नयेत.

फुले घरात आणताना

फुले सकाळी लवकर कापावीत. त्या वेळी दांड्यात भरपूर पाणी असते. उन्हात कापलेले फूल लवकर मान टाकते. कापताना पाण्याची बादली सोबतच ठेवावी. कोणते फूल कोणत्या अवस्थेत कापावे, ते असे :

१) ग्लॅडिओलस - दांड्यावरील खालच्या एक-दोन कळ्यांना रंग दिसू लागताच. झाडावर किमान चार पाने ठेवावीत, म्हणजे पुढील वर्षासाठी कंद पोसतो. कापलेले दांडे उभेच ठेवावेत, आडवे ठेवल्यास शेंडे वाकतात.
२) अँटिऱ्हिनम - दांड्यावरील खालची एक तृतीयांश फुले उमलल्यावर.
३) ॲस्टर - बाहेरच्या पाकळ्या पूर्ण उघडल्यावर.
४) झेंडू - फूल पूर्ण उमलल्यावर.

फुलदाणीतील फूल का कोमेजते? दांडा कापताच त्याच्या नळ्यांत हवा शिरते, आणि पुढे पाण्यातील जीवाणू त्या नळ्या तुंबवतात. फुलदाणीत पाणी असूनही फूल तहानलेले राहते. म्हणून दांड्याचे टोक पाण्यात बुडवून धारदार चाकूने २-३ सें.मी. तिरके कापावे. पाण्यात बुडणारी सर्व पाने काढून टाकावीत. पाणी रोज बदलावे आणि दर दोन दिवसांनी टोक पुन्हा थोडे कापावे.

एक लिटर स्वच्छ पाण्यात चार लहान चमचे (सुमारे २० ग्रॅम) साखर व एक लहान चमचा लिंबाचा रस घातल्यास फुले अधिक टिकतात. साखर हे फुलाचे अन्न आहे, तर आंबट पाणी दांड्यात सहज चढते व त्यात जीवाणू कमी वाढतात. हे पाणी काचेच्या, चिनी मातीच्या किंवा स्टीलच्या भांड्यात ठेवावे, तांब्या-पितळेच्या भांड्यात नको. साखरेचे पाणी न बदलता ठेवल्यास जीवाणू उलट जास्त वाढतात, हेही लक्षात ठेवावे.

आणखी एक सूचना खास शेतकऱ्यांच्या घरासाठी. केळी, चिकू, पपई पिकायला ठेवली असतील त्या खोलीत फुलदाणी ठेवू नये. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू बाहेर पडतो. त्याने डायन्थस, स्वीट पी व अँटिऱ्हिनमची फुले लवकर मिटतात किंवा गळतात.

कुंड्यांची अदलाबदल

पिटुनिया, पॅन्सी किंवा शेवंतीची फुललेली कुंडी घरात फार सुंदर दिसते, पण तिला कायम घरात ठेवू नये. उन्हाशिवाय कळ्या पिवळ्या पडून गळतात. तीन-चार कुंड्या तयार ठेवाव्यात. एक कुंडी दोन-तीन दिवस घरात आणि मग आठवडाभर उन्हात, असा पाळीपाळीने क्रम लावावा.

कीड-रोग व बियाणे

शेवंती व ॲस्टरवर मावा दिसल्यास ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. झिनिया किंवा फ्लॉक्सवर भुरी आल्यास १० लिटर पाण्यात २५ ग्रॅम पाण्यात मिसळणारे गंधक घालून फवारावे. फवारणी सकाळी किंवा सायंकाळी करावी. फवारलेली फुले केसांत माळू नयेत.

सगळी फुले तोडायची तर बी कसे मिळणार, असे आपण विचाराल. प्रत्येक प्रकारातील एक-दोन उत्तम झाडांना दोरा बांधून ठेवावा आणि फक्त त्यांवरच फुले वाळू द्यावीत. संकरित वाणाचे बी मात्र धरू नये.

बंधू-भगिनींनो, या सगळ्याला पाव गुंठाही जागा लागत नाही. मोरीचे सांडपाणी जाते तेथेही एक वाफा होतो. साबणाचे पाणी तेवढे वेगळे काढावे. त्या वहिनींना मी एवढेच सांगितले होते, "एका वाफ्यातील फुले रोज सकाळी तोडा, दुसऱ्यातील तोडू नका आणि फरक बघा." पुढे संक्रांतीनंतर पुन्हा तिकडे जाणे झाले. न तोडलेला वाफा वाळला होता. दुसऱ्यात कॅलेंडुला फुलत होता. टेबलावर प्लॅस्टिकच्या फुलांच्या जागी पाण्याने भरलेला काचेचा पेला होता आणि त्यात सात-आठ ताजी केशरी फुले.

यंदा आपणही असे दोन वाफे करून पाहावेत. बाजारासाठी फुले पिकवणाऱ्याच्या घरात चार ताजी फुले असायलाच हवीत.