व्हिटॅमिन डीचे थेंब आणि जुना खोकला



गेले काही महिने एकच प्रश्न निरनिराळ्या तोंडांनी या सदराकडे येत आहे. "अंगात व्हिटॅमिन डी भरपूर असले की टीबी होत नाही, असे मोबाईलवर वाचले. खरे आहे का?" आणि एका आजींचा प्रश्न तर त्याच्याही पुढचा होता: "माझा डीचा रिपोर्ट चांगला आला आहे. मग खोकल्यासाठी छातीचा फोटो कशाला काढायचा?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडे लांब आहे. दुसऱ्याचे एका वाक्यात देतो. आजी, फोटो काढाच.

हा रोग आपल्याला नवा नाही. इथे त्याला म्हणतात तो शाखेफेत हा शब्द थेट तोरातला आहे. वायिक्राच्या २६ व्या आणि देवारीमच्या २८ व्या अध्यायात, शापांच्या यादीत तो येतो. तोरा ऐकताना तो कानावरून गेलेला असतो, पण आपल्यापैकी अनेकांना त्याचा अर्थ मुंबईच्या चाळीत कळला. उमरखाडी, डोंगरी, नागपाडा इथल्या एकेका खोलीत आठ-दहा माणसे, एक खिडकी, आणि कोपऱ्यात खोकणारे एखादे काका. शिवडीच्या हॉस्पिटलचे नाव घरात हळू आवाजात घेतले जायचे. ज्यांना परवडे ते हवापालटासाठी पाचगणीला किंवा मिरजेला जात.

उन्हाचा आणि क्षयाचा संबंध लोकांनी फार पूर्वीपासून जोडला होता. १८४० च्या दशकात लंडनच्या ब्रॉम्प्टन हॉस्पिटलमध्ये क्षयाच्या रोग्यांना कॉड माशाच्या यकृताचे तेल पाजत. (कॉडला खवले आणि पर दोन्ही असतात, म्हणजे आपल्या हिशेबाने तो चालणारा मासा.) त्या तेलात व्हिटॅमिन डी असते हे तेव्हा कोणाला ठाऊकही नव्हते. १८८२ साली रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधला. डेन्मार्कचे नील्स फिन्सेन यांनी कातडीच्या क्षयावर प्रकाशाचे उपचार केले आणि १९०३ चे नोबेल पारितोषिक मिळवले. स्वित्झर्लंडच्या डोंगरात रोग्यांना खाटेसकट गच्चीवर उन्हात ठेवत.

मग स्ट्रेप्टोमायसिन आले, १९५२ मध्ये आयसोनियाझिड आले, आणि मद्रासमध्ये एक मोठी मोलाची परीक्षा झाली. एका गटाला सॅनेटोरियममध्ये ठेवले: चांगले जेवण, मोकळी हवा, विश्रांती. दुसऱ्या गटाला त्यांच्याच गरीब, दाटीच्या घरी ठेवून तीच औषधे दिली. १९५९ मध्ये निकाल आला. घरी राहिलेलेही जवळजवळ तितकेच बरे झाले होते. बरे करत होती ती नियमाने घेतलेली औषधे. जगभरची सॅनेटोरियमे त्यानंतर एकेक करून बंद पडत गेली.

तरी ऊन पूर्ण विसरले गेले नाही, आणि त्याला कारण आहे. क्षयाचा जंतू श्वासातून फुप्फुसात शिरला की आपल्या रक्षक पेशी त्याला गिळतात. पुष्कळदा त्या त्याला मारू शकत नाहीत, नुसत्या कोंडून ठेवतात. २००६ मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी दाखवले की या पेशींना व्हिटॅमिन डी पुरेसे मिळाले तर त्या कॅथेलिसिडिन नावाचे जंतुनाशक द्रव्य तयार करतात आणि आत कोंडलेल्या जंतूवर ते चालते. डी कमी असलेल्या लोकांच्या रक्तद्रवात ठेवलेल्या पेशींनी ते द्रव्य कमी केले.

त्याआधी २००० मध्ये लंडनच्या पश्चिम भागातल्या गुजराती लोकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. ज्यांना क्षय झाला त्यांच्या रक्तात व्हिटॅमिन डी फारच कमी सापडले. सावळी कातडी, बहुतेक शाकाहार आणि इंग्लंडचे ढगाळ आकाश, असा तो योग होता. मोबाईलवर फिरणाऱ्या निरोपाचे मूळ अशाच अभ्यासांत आहे, म्हणून मी त्याला निव्वळ थाप म्हणणार नाही.

पण इथे एक गोम आहे. क्षयाचा रोगी महिनोन् महिने घरात पडून असतो, त्याला भूक नसते, ऊन अंगावर पडत नाही. मग डी कमी होते म्हणून क्षय झाला, की क्षय झाला म्हणून डी कमी झाले? नुसते रक्त तपासून हे सुटत नाही. त्यासाठी निरोगी माणसांना आधी डी देऊन वाट पाहावी लागते.

ती वाट मंगोलियात पाहिली गेली. उलानबातर थंडीचे शहर, ऊन कमी, क्षय पुष्कळ. तिथल्या शाळांतली ८,८५१ मुले निवडली, आणि एकाच्याही रक्तात क्षयाच्या संसर्गाची खूण नाही याची खात्री केली. शंभरातल्या पंचाण्णव मुलांचे डी कमी होते. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडून एका गटाला दर आठवड्याला १४,००० युनिट डी दिले आणि दुसऱ्याला दिसायला तशीच, पण औषध नसलेली कॅप्सूल. असे तीन वर्षे चालले. डी घेणाऱ्यांची रक्तातली पातळी सरासरी ३१ पर्यंत चढली आणि दुसऱ्यांची ११ च्या आतच राहिली. म्हणजे औषध अंगी लागले होते यात शंका नाही. पण क्षयाचा संसर्ग डी घेणाऱ्यांत १०० पैकी ३.६ मुलांना झाला आणि न घेणाऱ्यांत ३.३ मुलांना. फरक नाहीच. हा निकाल २०२० मध्ये आला. पुढे दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनच्या मुलांवर असाच प्रयोग झाला, तिथेही डीने संसर्ग टळला नाही.

हे प्रयोग मुलांवरचे आणि नव्या संसर्गाविषयीचे आहेत, हे मान्य. पण "थेंब घ्या, टीबी टळेल" असे सांगायला त्यांतून काहीही आधार मिळत नाही. आणि साधी गोष्ट बघा. मुंबईत ऊन काय कमी आहे? तरी तिथे क्षय आहेच.

मग क्षयाला अटकाव करण्यात आहाराचा काही भाग आहे की नाही? आहे, पण तो पोटभर जेवणाचा आहे. झारखंडमध्ये क्षयरोग्यांच्या घरातल्या दहा हजारांहून जास्त माणसांचा अभ्यास झाला, तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या घरांतल्या माणसांना सहा महिने जादा तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या, त्या घरांत क्षयाचे नवे रोगी ३९ टक्क्यांनी कमी झाले. ती माणसे मुळातच अर्धपोटी होती हे लक्षात घ्यायला हवे. आपल्याकडे दिमोना-अश्दोदमध्ये तशी उपासमार नाही. पण एकटे राहणारे पुष्कळ आहेत, आणि दुपारी चहात पाव बुडवून "जेवलो" म्हणणारेही माझ्या माहितीचे आहेत.

आता आपल्या वयाच्या लोकांनी लक्ष द्यावे अशा गोष्टीकडे येतो. जगातल्या सुमारे चौथा हिस्सा लोकांच्या शरीरात क्षयाचा जंतू शिरलेला आहे असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. बहुतेकांत तो निजलेला असतो. खोकला नाही, ताप नाही, दुसऱ्याला लागण नाही. अशा शंभर माणसांपैकी पाच ते दहा जणांना आयुष्यात कधीतरी खरा रोग होतो, आणि तो बहुधा संसर्गानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत होतो. पण काहींच्या अंगात तो दशके निजतो आणि शरीराची ताकद उतरली की उठतो. वय, स्टेरॉइडच्या गोळ्या, किडनीचा विकार, कॅन्सरचे उपचार, सांधेदुखी किंवा आतड्याच्या आजारासाठी दिली जाणारी काही नवी इंजेक्शने, ही त्याला उठवणारी कारणे. मधुमेहाने हा धोका दुप्पट-तिप्पट होतो, आणि आपल्या समाजात मधुमेह किती घरांत आहे हे मी सांगायला नको.

इस्राएलमध्ये क्षय फार थोडा आहे. त्यामुळे इथल्या तरुण डॉक्टरच्या मनात तो पटकन येत नाही. म्हाताऱ्या माणसाचा खोकला म्हटले की सर्दी, दमा, सिगारेट, नाहीतर हृदय. आणि आपण काय करतो? आपणही सांगत नाही. लहानपणी घरात कोणाला क्षय झाला तर बहिणीच्या लग्नाची बोलणी मोडतील म्हणून ते झाकायचे. ती सवय आपण विमानातून बरोबर आणली. नातवंडांनाच काय, कुपत होलिमच्या डॉक्टरलाही पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे ते काका ठाऊक नसतात.

उतारवयात क्षय नेहमी सिनेमातल्यासारखा रक्ताच्या गुळणीने येत नाही. दोन-तीन आठवडे न हटणारा खोकला, संध्याकाळी बारीक कणकण, रात्री उशी भिजवणारा घाम, कपडे सैल होणे, जेवणावरची वासना उडणे, यांतले एखादेच लक्षण असते. कधी फुप्फुस सोडून मणक्यात किंवा मानेच्या गाठीतही तो निघतो. छातीला दिलेल्या काही अँटिबायोटिक गोळ्यांनी चार दिवस बरे वाटून पुन्हा खोकला सुरू झाला, तर तेही डॉक्टरला सांगा, कारण लेव्होफ्लॉक्सासिनसारखे औषध क्षयाला थोडा वेळ दाबून ठेवते.

तपासणी सोपी आहे: छातीचा फोटो आणि बेडक्याची तपासणी. निजलेला जंतू शोधायला हातावरची सुई किंवा रक्ताची चाचणी असते. लहानपणी बीसीजी टोचलेले असेल तर सुईची चाचणी फसवू शकते, रक्ताची तशी फसत नाही. या देशात क्षयाचा उपचार आरोग्य मंत्रालयाच्या देखरेखीखाली खास केंद्रांतून होतो आणि औषधे मोफत मिळतात. साधारण सहा महिने गोळ्या घ्याव्या लागतात. त्यांतल्या रिफॅम्पिसिनने लघवी नारिंगी होते, घाबरू नये. मात्र तेच औषध रक्त पातळ करणाऱ्या आणि मधुमेहाच्या काही गोळ्यांचा जोर कमी करते, म्हणून आपल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी बरोबर न्यावी.

व्हिटॅमिन डी मग सोडून द्यायचे का? मुळीच नाही. ते हाडांसाठी हवे. सत्तरीनंतर दिवसाला ८०० युनिट असा सर्वसाधारण हिशेब आहे. इस्राएलच्या एवढ्या उन्हातही आपले डी कमी निघते, कारण वय झालेली कातडी ते कमी बनवते, सावळी कातडी आणखी कमी, आणि बंद काचेतून येणाऱ्या उन्हाने ते बनतच नाही. बाल्कनीची काच लावून उन्हात बसणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. खाण्यात बांगडा, डब्यातले सार्डिन, अंड्याचा बलक. रिपोर्ट बघताना एकक पाहा: २० नॅनोग्रॅम आणि ५० नॅनोमोल म्हणजे एकच पातळी. ५० आकडा बघून खूष झालेले आणि २० बघून घाबरलेले असे दोघेही मला एकाच दिवशी भेटले आहेत!

भारतातून येणारे नातेवाईक ६०,००० युनिटच्या पुड्या आणतात, त्यांची मात्र मला भीती वाटते. ती पुडी आठवड्याला एक, तीही डॉक्टरच्या सांगण्याने आणि ठरावीक आठवडेच घ्यायची असते. टीबी होऊ नये म्हणून कोणी ती रोज घेऊ लागले तर रक्तातले कॅल्शियम चढते. मग तहान, बद्धकोष्ठ, उलट्या, भ्रम आणि शेवटी किडनीला इजा. त्यात अंगात खरोखर क्षय असेल तर दुहेरी पंचाईत, कारण क्षयाच्या गाठी स्वतःच व्हिटॅमिन डीला तीव्र रूप देतात आणि कॅल्शियम आणखी वाढू शकते.

पुढच्या वेळी कुपत होलिममध्ये जाताना एक चिठ्ठी बरोबर न्या, हिब्रूत नातवाकडून लिहून घ्या: जन्म कुठे झाला, कोणत्या वर्षी इथे आलो, घरात किंवा शेजारी कोणाला क्षय होता का, मला कधी झाला होता का आणि किती महिने औषध घेतले. स्टेरॉइड किंवा सांध्याची नवी इंजेक्शने सुरू होण्याआधी तर ती चिठ्ठी डॉक्टरच्या टेबलावर ठेवाच. नातू विचारील, हे काका कोण? त्याला सांगून टाका.