इंग्रजी विशेषणांच्या अर्थच्छटा : ‘नेबरिंग’ ते ‘कंटिग्यूअस’

‘नेबरिंग’, ‘ॲडजेसंट’, ‘ॲडजॉइनिंग’ व ‘कंटिग्यूअस’ या चारही इंग्रजी विशेषणांसाठी ‘लगतचा’ हा एकच प्रतिशब्द योजण्याचा प्रघात आढळतो. नित्याच्या पत्रव्यवहारात त्याने फारसे बिघडत नाही. परंतु सीमाप्रश्नाच्या कागदपत्रांत त्यामुळे अर्थ पालटू शकतो.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव, निपाणी व खानापूर हे भाग तत्कालीन म्हैसूर राज्यात गेले. सीमानिश्चितीसाठी महाराष्ट्राने खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, सापेक्ष भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा ही चार तत्त्वे मांडली. त्यांपैकी सलगतेचे तत्त्व ‘कंटिग्यूअस’ या विशेषणावर आधारलेले आहे.

‘नेबरिंग’ म्हणजे शेजारचा. निपाणी व कागल ही शेजारची गावे होत. मध्ये शेतशिवार असले तरी शेजार मोडत नाही.

‘ॲडजेसंट’ म्हणजे नजीकचा. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘जवळ असणे’ असा असल्याने हद्दीस हद्द भिडलीच पाहिजे, असे बंधन यात नाही.

‘ॲडजॉइनिंग’मध्ये हद्द भिडलेली असते. निपाणी व कागल हे तालुके या अर्थाने एकमेकांस लागून आहेत. जमीनमोजणीतील ‘लगतचे खातेदार’ या प्रयोगात हाच अर्थ असल्यामुळे ‘लगतचा’ हा प्रतिशब्द येथेच शोभतो.

‘कंटिग्यूअस’च्या मुळाशीही स्पर्शाची कल्पना आहे. तथापि सीमानिश्चितीत खेड्यास खेडे भिडत जाऊन खंड न पडता होणारा पट्टा त्यातून अभिप्रेत असतो. त्यासाठी ‘सलग’ हाच शब्द योग्य होय. मात्र ‘सलग तीन दिवस’ अशा कालवाचक प्रयोगात इंग्रजीत ‘कॉन्सेक्युटिव्ह’ म्हणावे लागते.

समजा, एखाद्या खेड्यात मराठी भाषक बहुसंख्य आहेत. परंतु सभोवतालची सर्व खेडी कन्नड बहुसंख्येची आहेत. असे खेडे मराठी पट्ट्याच्या नजीकचे ठरेल, सलग ठरणार नाही. बहुसंख्येची कसोटी उतरूनही सलगतेच्या कसोटीवर त्याचा दावा अडेल. अनुवादात दोहोंसाठी ‘लगतचे’ लिहिल्यास हा भेद वाचकाच्या ध्यानीच येणार नाही.

महाजन आयोगाने १९६७ मध्ये निपाणी महाराष्ट्रास द्यावी आणि बेळगाव शहर म्हैसूरकडेच राहावे, अशी शिफारस केली. महाराष्ट्राने तो अहवाल अमान्य केला. २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. जेथे गावांचे भवितव्य शब्दांवर तोलले जाते, तेथे अनुवादकाने विशेषण निवडण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : केवळ जवळीक आहे काय? हद्द भिडते काय? पट्टा अखंड आहे काय?