आंब्यावरील बांडगूळ व फुलटोचा पक्षी

आमच्या परसांत वडिलांच्या हातचा एक रायवळ आंबा आहे. महसूल खात्यांतील कारकुनी संपवून घरीं आल्यावर त्याच्या तीन फांद्या बांडगुळानें व्यापलेल्या व त्यांचे शेंडे वाळलेले आम्हांस आढळले. त्याच फांद्यांवर सुमारें ८ सेंटिमीटर लांबीचा, मळकट रंगाचा व फिकट चोचीचा फुलटोचा नित्य दिसे. मोहोर हाच नासतो, असें ठरवून आम्हीं मुलांच्या हातीं बेचकी दिली. एक पक्षी मेला; बांडगूळ मात्र वाढतच राहिलें. चौकशीपूर्वीच निकाल दिला गेला, हें कबूल करणें भाग आहे.

पुढें आठ दिवस सकाळीं ओट्यावर बसून पाहिलें, तेव्हां खरा प्रकार ध्यानांत आला. ह्या पक्ष्याचें आवडतें खाद्य म्हणजे बांडगुळाचें पिकलेलें फळ. तें तो अख्खें गिळतो. गर पचतो, बीं मात्र थोड्याच वेळांत बाहेर पडतें. तें चिकट असल्यामुळें पक्षी अंग फांदीवर घांसून सोडवितो व बीं सालीस चिकटतें. तेथें रुजून तें आपलें शोषक मूळ लांकडांत शिरवितें व झाडाचें पाणी आणि क्षार ओढतें. पानें हिरवीं असल्यानें अन्न तें स्वतः करतें. तहान मात्र आंब्याच्या जिवावर भागवितें. पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली (१८९६–१९८७) यांनीं कोकणांतील बांडगुळाच्या प्रसारांत ह्या पक्ष्यांचा वांटा किती, हें १९३१ सालींच निबंधरूपानें मांडलें होतें.

मग पक्षी मारावा काय? मुळींच नाहीं. तो किडे व कोळीहि खातो. शिवाय फळ आहे तोंवर एक गेला तरी दुसरा येणारच. दोष फळ पिकूं देणाऱ्या मालकाचा आहे.

उपाय असा: फळें पिकण्यापूर्वींच, बांडगुळाच्या गांठीपासून खोडाच्या बाजूस हातभर अंतर सोडून फांदी कापावी व कापास बोर्डो मलम लावावें. नुसता पाला ओरबाडल्यास आंत राहिलेल्या भागांतून तें पुन्हां फुटतें. शेजाऱ्यासहि हें करावयास सांगावें, कारण सातबाऱ्याची हद्द पक्ष्यास ठाऊक नसते.

आम्हीं तिन्ही फांद्या उतरविल्या व बेचकी चुलींत घातली. फुलटोचा अद्यापि येतो. त्याच्यामागें आतां कोणी धांवत नाहीं. वाचकांनींहि एकवार आपल्या झाडांकडे मान वर करून पाहावें, इतकीच विनंती.