दुप्पट की चौपट?

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे माझं मराठी जरा कच्चंच. चूकभूल माफ असावी. पण फर्स्ट इयरला फिजिक्समध्ये माझी दांडी उडाली ती भाषेमुळे नाही, तर घाईमुळे! गणित दिसलं की मी फॉर्म्युला शोधायची आणि त्यात आकडे कोंबायची.

माझी रूममेट चिखली तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतली. तिच्या इंग्रजी उच्चारांना मी हसायची. एका रात्री माझी वही पाहून तीच हसली, "एवढी घाई कायची वं? काय देलं हाये ते त पाह्य आधी!"

तिची पद्धत अगदी सोपी. आधी चित्र काढायचं. मग काय दिलंय, काय काढायचंय ते एककांसह लिहायचं. मग उत्तराचा अंदाज करायचा आणि सूत्र शेवटी.

समजा, आपण शेगावहून खामगावला स्कूटीवर निघालो. वेग ताशी ३६ किमी, म्हणजे सेकंदाला १० मीटर. ब्रेक दाबल्यावर वेग दर सेकंदाला ५ मी/से ने कमी होतो. थांबायचं अंतर म्हणजे वेगाचा वर्ग भागिले मंदनाची दुप्पट: १०० ÷ १० = १० मीटर. आता वेग ७२ केला तर? मी पटकन म्हणाले, २० मीटर. चूक! ४०० ÷ १० = ४० मीटर. कारण थांबायला वेळ दुप्पट लागतो आणि त्या वेळातला सरासरी वेगही दुप्पट असतो. म्हणून अंतर चौपट.

विजेचंही तसंच. पाणी तापवायचा रॉड २३० व्होल्टला १००० वॅटचा. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ४५ अंशांवर न्यायला १५ × ४२०० × २५ = १५,७५,००० ज्यूल लागतात, म्हणजे साधारण २६ मिनिटं. व्होल्टेज उतरून १८४ झालं, म्हणजे ८० टक्के, तर ८०० वॅट? नाही! रोध तोच, म्हणून करंटही ८० टक्केच. ०.८ × ०.८ = ०.६४. मिळतात ६४० वॅट आणि लागतात ४१ मिनिटं. उष्णता बाहेर जाते ती वेगळीच. (वॉर्डन मॅडम, रॉड फक्त गणितापुरता हं!)

पुढच्या परीक्षेत माझा फिजिक्सचा पेपर निघाला. तिच्या इंग्रजीला हसल्याबद्दल सॉरी म्हणायचं मात्र अजून राहिलंय. हा लेख ती वाचेलच.