वायर कशी पारखावी?

आपल्या कोरेगाव तालुक्याचा वाघ्या घेवडा नावाजलेला आहे. बाजारात घेवडा घेताना आपण पोत्याच्या तोंडचे दाणे बघून पैसे देत नाही. पोत्यात हात घालतो, तळचे दाणे बघतो. वायर घेतानाही तसेच करावे.

एके दिवशी तात्या माझ्याकडे आले. मुलाने घरी गाण्याचा स्पीकर आणला होता. तात्यांच्या हातात वायरीचे दोन नमुने होते. एक वायर करंगळीएवढी जाड, टोकाला सोनेरी मुलामा. दुसरी साधी, बारीक.

"गुरुजी, ही जाड वायर तिप्पट किमतीची. हिच्यातनं आवाज गोड येतो म्हणत्यात. घेऊ का?"

मी म्हणालो, "तात्या, आधी पोत्यात हात घालू."

दोन्ही वायरींची टोके सोलली. जाड वायरीत नुसते प्लास्टिकच फार. आत तारा थोड्याच. साध्या वायरीत तारा जास्त होत्या. मग एकेक तार ब्लेडने खरवडली. साधी तार आतूनही तांबूस निघाली. जाड वायरीची तार मात्र आतून पांढरी!

"आरं तिच्या! हे तर ॲल्युमिनिअम. वरनं तांब्याचं पाणी दिलंय," तात्या म्हणाले.

तांबे वीज चांगली वाहून नेते. तेवढ्याच जाडीची ॲल्युमिनिअमची तार त्याच्या सुमारे साठ टक्केच नेते. ॲल्युमिनिअम वजनालाही हलके, तांब्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी. म्हणून वायर हातात तोलून बघावी.

"आणि हे सोनं?"

"सोने गंजत नाही, म्हणून जोड स्वच्छ राहतो. एवढाच त्याचा गुण. त्याने आवाज गोड होत नाही."

आता लांबीचे बघू. पाटाचे पाणी लांब न्यायचे तर वाटेत बरेच जिरते. विजेचेही तसेच. पाव चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर १०० फूट ओढली, तर ८ ओहमच्या स्पीकरकडे निघालेल्या शक्तीचा तिसरा हिस्सा वाटेतच जिरतो. दीड चौरस मिलिमीटरची घेतली, तर बारावा हिस्सा जिरतो. पण घरात वायर लागते १० फूट. तेवढ्याला बारीक वायरीतही विसावाच हिस्सा जातो. तो कानाला कळायचाही नाही.

आमच्या भजनी मंडळाने हे न बघता देवळापासून पारापर्यंत बारीक वायर ओढली होती. आवाज पडला. आम्ही दोष स्पीकरला दिला आणि वर्गणीचे पैसे दुरुस्तीत घालवले. दोष आमच्या अज्ञानाचा होता.

तात्यांनी साधी वायर घेतली. उरलेल्या पैशांत नातीला वह्या आल्या.

ध्यानात ठेवा :

१. जाडी तारेची बघा, प्लास्टिकची नव्हे.
२. तार खरवडून बघा. त्या वेळी वायर विजेला जोडलेली नसावी.
३. घरात साधी वायर पुरते. लांब न्यायची तर जाड तांब्याची घ्या.
४. स्पीकरची वायर दिव्याला किंवा मोटारीला कधी लावू नका. ती तापून आग लागेल. त्यासाठी आय.एस.आय. शिक्क्याचीच वायर घ्या.
५. वायरीवर जाडी छापलेली असते. अक्षरे इंग्रजी असतील, तर शाळेतल्या मुलाकडून वाचून घ्या. वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

प्रश्न : तुमच्या घरातल्या वायरीवर काय छापले आहे? आज घरी जाऊन बघा आणि उद्या वर्गात सांगा.