राष्ट्रीय टेनपिन बोलिंग स्पर्धेसाठी केंद्राची निवड

प्रश्न : राष्ट्रीय टेनपिन बोलिंग स्पर्धेसाठी केंद्र निवडताना काय पाहावे?

उत्तर : आधी लेन पाहाव्यात. फाउल लाइनपासून पहिल्या पिनपर्यंतचे ६० फूट अंतर आणि सुमारे साडेतीन फूट रुंदी सगळीकडे सारखीच असते. खरी परीक्षा सपाटीची. पृष्ठभागातील चढउतार जेमतेम १ मिलिमीटर चालतो. नंतर लेनवर ठरावीक नमुन्यात लावलेले तेल. खेळ पुढे सरकतो तसे लेनवरचे तेल चेंडूंबरोबर वाहून जाते आणि चेंडू वळण्याची जागाच बदलते. म्हणून ठरावीक सत्रांनंतर लेन पुसून, त्याच नमुन्यात तेल लावणारे चांगले यंत्र केंद्रात हवेच. दोरीला बांधलेल्या पिन मोकळ्या पिनांपेक्षा वेगळ्या पद्धतीने पडतात, त्यामुळे त्या वापरणारी केंद्रे टाळावीत. केंद्र एरवी मनोरंजनासाठी चालत असेल, तर शनिवार-रविवारीही लेन स्पर्धेलाच मिळतील, हे करारात आधीच लिहून घ्यावे.