ठिबक फोडणारी खार : उन्हाळ्यापुरता सल्ला

मार्च उजाडला, ओढे-नाले आटले, की डाळिंब-केळीच्या बागांतून एकच तक्रार सुरू होते : खारीने ठिबक फोडले. संताप येणे साहजिक आहे. एका ओळीत चार ठिकाणी पाणी उडाले, तर शेवटच्या झाडांपर्यंत दाबच पोहोचत नाही. पण औषध आणायला निघण्याआधी नळी फोडली कोणी, ते पाहा.

खार दिवसा फिरते, उंदीर बहुधा रात्री. संध्याकाळी आणि पहाटे, दोन्ही वेळा ओळी फिरून बघा. भोक रात्रीतून पडले असेल, तर खारीला दोष देऊ नका. बांधाला ताज्या मातीचा ढीग आणि बिळाचे तोंड दिसले, तर ते काम उंदराचे. आपल्याकडची पट्ट्यांची खार बीळ करत नाही. झाडावर, नाहीतर मोटारघराच्या आढ्याला घरटे बांधते. तिचे पुढचे दात आयुष्यभर वाढतात, त्यामुळे ती काहीतरी कुरतडणारच. उन्हाळ्यात त्यात तहानेची भर पडते.

म्हणून पहिला इलाज पाण्याचा. बांधावरच्या झाडाखाली, नळ्यांपासून लांब, सावलीत मातीची पसरट भांडी ठेवा आणि रोज सकाळी धुऊन भरा. आत एखादा दगड टाका, म्हणजे पडलेला जीव बाहेर येऊ शकतो. गळती मात्र त्याच दिवशी जॉइनर टाकून बंद करा. ओल दिसली की खार तिथेच पुन्हा येते. हंगाम संपलेल्या लॅटरल शेतात पसरून ठेवू नका. त्या गुंडाळून, शेवटची टोके बंद करून, धान्याच्या पोत्यांपासून दूर टांगून ठेवा.

स्टार्टरच्या पेटीकडे विशेष लक्ष द्या. केबल आत जाते त्या भोकातून खार सहज शिरते आणि कापूस, काथ्या, गोणपाटाचे धागे नेऊन आत मऊ गोळा करते. त्याने शॉर्टसर्किट होऊन मोटार जळू शकते, खारही मरते. मेन स्विच बंद केल्याशिवाय पेटीत हात घालू नका. आत डोळे मिटलेली, बिनकेसांची पिले असतील, तर अख्खे घरटे उचलून जवळच सावलीत, मुंग्या आणि मांजर पोहोचणार नाही अशा उंचीवर खोक्यात ठेवा. आई बहुधा पिलांना उचलून नेते. मग पेटी रिकामी असल्याची खात्री करून भोके बारीक लोखंडी जाळीने बुजवा.

नळीशेजारी थिमेट टाकण्याची जुनी सवय कृपया सोडा. थिमेट म्हणजेच फोरेट; त्यावर 2020 अखेरपासून देशात बंदी आहे, आणि हे विष खारीइतकेच जनावराला, पाखराला आणि टाकणाऱ्यालाही घातक आहे. उंदीरच असतील, तर सगळी बिळे संध्याकाळी मातीने लिंपा. सकाळी उकरलेली दिसतील ती चालू बिळे. कृषी सहायकांना विचारूनच आमिष वापरा, हातमोजे घालून बिळात खोल ठेवा आणि तोंड बंद करा. उघड्यावर ठेवलेले आमिष खार आणि चिमण्या खातात.

शेजारच्या बांधावरची बिळे चालू राहिली, तर उंदीर पुन्हा तुमच्याकडे येणार. तेव्हा वस्तीवरच्या सर्वांनी मिळून एकाच आठवड्यात हे काम उरकावे, ही विनंती.